क्लोन मसल कारची किंमत कशी ठरवायची आणि ती कशी विकायची: 1970 च्या शेव्हेलच्या आधाराने

एक ग्रॅम सोन्याचा हार 'एक ग्रॅमचा' असं सांगून विकला तर दुकानदाराला कुणी नावं ठेवत नाही. घेणारा खूश, विकणारा खूश, लग्नातल्या फोटोतही फरक दिसत नाही. तोच हार चोख सोन्याचा म्हणून विकला तर पोलीस येतात. अमेरिकेतल्या क्लोन मसल कारचा बाजार याच नियमावर चालतो. मसल कार म्हणजे 1960-70 च्या सुमाराच्या, दांडग्या इंजिनच्या अमेरिकन गाड्या. क्लोन म्हणजे साध्या मॉडेलची गाडी घेऊन तिच्यावर महागड्या मॉडेलचं इंजिन, बॉनेट, पट्टे आणि बिल्ले चढवून केलेली हुबेहूब नक्कल. साध्या मालिबूची महागडी एसएस होते, लेमान्सची जीटीओ होते, सॅटेलाइटची रोड रनर होते. हा व्यवहार कायदेशीर आहे आणि राजरोस चालतो. गडबड होते ती किंमत चुकीच्या टोकाकडून मोजल्यामुळे आणि जाहिरातीतल्या एखाद्या गुळमुळीत शब्दामुळे.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि गॅरेजमध्ये हौसेने अशी गाडी ठेवलेल्या मराठी मंडळींना हे उपयोगी पडेल. उदाहरण शेव्हरोले कंपनीच्या 1970 च्या शेव्हेलचं घेतलं आहे (मालिबू आणि एसएस हे तिचेच प्रकार), कारण सगळ्यात जास्त क्लोन होणाऱ्या गाड्यांपैकी ती एक आहे. तसं का, तेही पुढे येईलच.

आधी गाडीची जात पक्की करा

विकणाऱ्याला वाटतं, माझी गाडी क्लोन आहे हे मला माहीत आहे, विषय संपला. पण तुम्ही ती तिसऱ्या किंवा चौथ्या हातातून घेतली असेल, तर मूळ गाडी नेमकी काय होती हे कागदावर आणा. ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतो.

1970 च्या शेव्हेलचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, समोरच्या काचेतून दिसतो. 135 ने सुरुवात असेल तर ती सहा सिलिंडरची मालिबू. ती फॅक्टरीतून एसएस म्हणून निघणं शक्यच नाही. 136 असेल तर व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरची मालिबू, आणि खरी एसएससुद्धा 136 च असते. 1966 ते 1968 या काळात एसएस 396 (आकडा इंजिनच्या घन इंचांचा) हे वेगळं मॉडेल होतं आणि व्हीआयएन 138 ने सुरू व्हायचा, त्यामुळे खरं-खोटं तिथेच कळायचं. 1969 पासून एसएस हे ऑप्शन पॅकेज, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचा संच, झालं आणि व्हीआयएन त्याबद्दल गप्प बसला. 1970 मध्ये झेड-25 म्हणजे एसएस 396 आणि झेड-15 म्हणजे एसएस 454. शेव्हेलच्या क्लोनांचं पीक आलं ते या मुक्या व्हीआयएनमुळे. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोले गाड्यांच्या, कोणती गाडी काय म्हणून निघाली अशा फॅक्टरी नोंदी कंपनीकडून मिळत नाहीत हे दुसरं कारण. कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या मात्र जीएम कॅनडाकडून मिळतात.

म्हणून खऱ्या एसएसचा पुरावा म्हणजे बिल्ड शीट (गाडीत काय बसवायचं याचा फॅक्टरीतला कागद; पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते), काचेवरचा मूळ किमतीचा कागद किंवा वॉरंटी पुस्तकातली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी. यातलं काहीच नसेल आणि व्हीआयएन 136 असेल, तर गाडी 'क्लोन' ठरते की 'पुरावा नसलेली', हा फरक महत्त्वाचा आहे. अशा वेळी 'एसएस असल्याचा कोणताही पुरावा नाही, क्लोन समजूनच घ्यावी' असं लिहा. 'एसएस असू शकते' हे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका.

दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत काम सोपं आहे. पॉन्टिॲकसाठी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून 1961 पासूनच्या फॅक्टरी नोंदी मिळतात. 1964 आणि 1965 ची जीटीओ हे लेमान्सवरचं ऑप्शन होतं, 1966 ते 1971 च्या जीटीओचा व्हीआयएन 242 ने सुरू होतो. फोर्डसाठी 1967 पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो. क्रायस्लरच्या 1970 च्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षरच इंजिन सांगतं: आर म्हणजे 426 हेमी, व्ही म्हणजे 440 सिक्स पॅक, यू म्हणजे 440 चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं. दुसऱ्याच इंजिनच्या, समजा एन अक्षराच्या, गाडीवर हेमीचे बिल्ले पाहिले की जाणकार हसून पुढे जातो. ऑल्ड्समोबिलची 442 ही 1968 ते 1971 या काळात 344 ने सुरू होते. हे रिपोर्ट विकण्यापूर्वी तुम्हीच मागवा. ग्राहकाने मागवला आणि तुमच्या बोलण्यापेक्षा वेगळं निघालं, तर सौदा तिथेच मोडतो.

इंजिनचा ठसा: हात लावू नका

शेव्हरोले व्ही-8 च्या ब्लॉकवर, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, एक सपाट पट्टी असते. तिथे कारखाना, तारीख आणि तीन अक्षरांचा कोड ठोकलेला असतो. 1970 च्या 454 मध्ये सीआरव्ही म्हणजे 450 अश्वशक्तीचं एलएस-6 आणि चार गिअर. सीआरआर म्हणजे तेच इंजिन, ऑटोमॅटिकसह. सीआरटी आणि सीआरक्यू ही 360 अश्वशक्तीच्या एलएस-5 ची अक्षरं. त्या वर्षीच्या 454 ब्लॉकवर ओतीव क्रमांक (ब्लॉक साच्यात ओततानाच उमटलेला) बहुधा 3963512 असतो.

काही जण पट्टी घासून त्यावर नवी अक्षरं ठोकतात. त्यांच्या मते किंमत वाढते. प्रत्यक्षात फॅक्टरीतल्या ब्रोचिंग मशीनने उठवलेल्या बारीक समांतर रेघा घासल्याने जातात, आणि भिंगातून पाहणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं. मग त्याला उरलेली अख्खी गाडी खोटी वाटू लागते. जुना ठसा काय आहे तसा राहू द्या. ट्रकमधलं 454 असेल तर 'ट्रकमधून घेतलेलं 454' असं लिहा. ठसा आधीच्या मालकाने बदलल्याचा संशय असेल तर तोही लिहा.

व्हीआयएनच्या पट्टीला तर बोटही लावू नका. ती काढणं किंवा बदलणं हा फेडरल गुन्हा आहे आणि त्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'पट्टी दुसऱ्या खऱ्या गाडीची बसवली' हा प्रकार क्लोनमध्ये मोडत नाही, तो फौजदारीत मोडतो. बाजारात नव्या छापलेल्या ट्रिम टॅग (रंग आणि आतल्या सजावटीचे कोड असलेली पट्टी) आणि पिवळसर केलेल्या बिल्ड शीटही मिळतात. गाडीवर किंवा फाइलमध्ये असं काही आढळलं तर विकण्यापूर्वी बाहेर काढा किंवा ठळकपणे 'नक्कल' म्हणून दाखवा.

जाता जाता एक गंमत. 1970 च्या 'एसएस 396' मधलं इंजिन प्रत्यक्षात 402 घन इंचांचं होतं, बिल्ला मात्र 396 चाच राहिला. त्यामुळे 'इंजिन 402 निघालं, फसवलं!' म्हणणाऱ्या ग्राहकाला शांतपणे हे सांगता आलं पाहिजे. उलट 454 च्या बिल्ल्याखाली 402 किंवा 350 बसलेलं असेल तर त्याला बचाव नाही. बाहेरून बिग ब्लॉक (मोठ्या बांध्याची व्ही-8 इंजिनं) सगळी सारखीच दिसतात. ब्लॉकचा ओतीव क्रमांक वाचून खात्री करा.

विकण्याआधीची तपासणी

क्लोन पाहायला येणाऱ्याच्या मनात एक भीती पक्की असते: झगमगीत रंगाखाली गंज आणि पुट्टी. ही भीती तुम्ही स्वतः घालवली तर निम्मी घासाघीस टळते.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र घ्या आणि प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजून आकडे लिहून ठेवा. पुन्हा रंगवलेल्या चांगल्या पत्र्यावर साधारण 8 ते 15 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) येतात. एखाद्या ठिकाणी 30-40 च्या वर गेलं की तिथे पुट्टी आहे. शेव्हेलमध्ये गंज ठरलेल्या जागी धरतो: मागच्या मडगार्डची खालची कड आणि चाकाची कमान, डिकीचा तळ, मागच्या काचेखालची पन्हळ (विनाइल छप्पर असलेल्या गाडीत हमखास), पुढच्या काचेखालचा भाग, बॉडी माउंट आणि मागच्या चाकांमागची चासी. या सगळ्यांचे फोटो गाडी लिफ्टवर चढवून काढा.

इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची) आठही सिलिंडरची करा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. लीक-डाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमधून किती हवा गळते ते पाहण्याची) गळती 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 20 च्या पुढे गेलं तर कारण शोधा. तेलाचा दाब गरम इंजिनवर पाहा. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय हा जुना ठोकताळा अजून चालतो.

त्यानंतर क्लोनमधली खास दुखणी. सहा सिलिंडरच्या गाडीत बिग ब्लॉक बसवलं की पुढच्या टोकावर बरंच वजन वाढतं. स्प्रिंग जुन्याच असतील तर गाडी नाक खाली घालून उभी राहते. रेडिएटर छोटा असेल तर सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की तापमान चढतं. सहा सिलिंडरची पेट्रोलची नळी अरुंद असते, बिग ब्लॉकला 3/8 इंची लागते. मागे 10 बोल्टचा अॅक्सल तसाच ठेवला असेल तर दोन-चार जोरदार सुरुवातींनंतर तो रडू लागतो. तिथे 12 बोल्टचा हवा. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक ठेवून 454 चालवणं म्हणजे बैलगाडीच्या ब्रेकवर ट्रक थांबवणं. खऱ्या एसएसला पुढे पॉवर डिस्क ब्रेक पॅकेजमध्येच होते. तुमच्या गाडीत यातलं काही राहून गेलं असेल तर विकण्याआधी ब्रेक आणि रेडिएटर करून घ्या, कारण ही दोन्ही दुखणी टेस्ट ड्राइव्हवरच उघडी पडतात. अॅक्सल बदलणं महाग पडतं. तो तसाच ठेवून किमतीत धरला तरी चालेल.

किंमत खालून बांधत न्या

बहुतेक मालक वरून सुरुवात करतात: 'खरी एसएस 454 इतक्याला जाते, माझी तिच्या 80 टक्क्यांना द्यावी'. किंवा बिलांचा गठ्ठा मांडतात: 'माझे 75 हजार डॉलर खर्च झाले'. दोन्ही मोजणी ग्राहकाला लागू पडत नाहीत. पहिलीत तुम्ही त्याला वंशावळीचे पैसे मागता, आणि ती तुमच्या गाडीला नाही. दुसरीत तुमच्या हौसेचं बिल त्याच्या खिशात सरकवता.

खालचा मजला म्हणजे त्याच अवस्थेतली साधी गाडी. 1970 ची मालिबू, 350 इंजिन, तशाच रंगाची आणि तशाच आतल्या अवस्थेतली, ती सध्या कितीला जाते? जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या मूल्यतालिकेत अवस्था 1 ते 4 अशी असते. 1 म्हणजे प्रदर्शनात मांडण्यासारखी, 4 म्हणजे चालते पण डाग दिसतात. नवा रंग चढवलेला बराचसा क्लोन अवस्था 3 मध्ये बसतो, फार तर 3 आणि 2 च्या मध्ये. मालकाला तो नेहमी 2 मध्ये दिसतो. तालिकेसोबत ब्रिंग अ ट्रेलर, मीकम आणि बॅरेट-जॅक्सन या लिलावांतले गेल्या बारा महिन्यांतले विक्री झालेले भाव काढा. मागितलेले भाव धरू नका, ते स्वप्नांचे आकडे असतात. शोधताना 'क्लोन' आणि 'ट्रिब्यूट' दोन्ही शब्द टाका आणि निदान आठ-दहा गाड्या जमवा.

आता त्यावर भर घाला. भागांच्या आणि मजुरीच्या खर्चातला जो वाटा पुढचा माणूस मोजायला तयार असतो, तेवढाच धरा. पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. साधी मालिबू 34,000 डॉलर. बिल असलेलं, नव्याने बांधलेलं 454, खर्च 12,000, धरायचे 7,000. 12 बोल्टचा अॅक्सल, खर्च 4,000, धरायचे 2,500. ट्रेमेक पाच गिअरचा बॉक्स, खर्च 4,500, धरायचे 3,000. पुढचे डिस्क ब्रेक 700. एसएसचं बॉनेट, जाळी, गोल मीटरांचा डॅशबोर्ड, बिल्ले आणि पट्टे मिळून 1,500. बेरीज 48,700. मागच्या काचेखाली गंजाचा फुगा आहे, त्याचे 1,500 वजा करा: 47,200.

मग वरचं छत तपासा. त्याच अवस्थेतली कागदपत्रांसह खरी एलएस-5 एसएस समजा 85,000 ला जात असेल, तर तिच्या निम्म्यापासून 65 टक्क्यांपर्यंत चांगला क्लोन जातो असा ढोबळ अंदाज धरता येतो, म्हणजे 42,500 ते 55,250. आपला 47,200 आत बसतो. छताबाहेर गेला असता तर भर जास्त धरली असं समजून खाली यायचं. जाहिरातीत 50,900 लावा, 47 च्या आसपास सोडा आणि 45,500 च्या खाली जायचं नाही हे आजच कागदावर लिहून ठेवा.

हे छताचं गणित दुर्मीळ गाड्यांना लावू नका. 1969 ची झेडएल-1 कॅमारो फक्त 69 निघाली आणि 1970 ची हेमी कुडा हार्डटॉप 652. यांच्या खऱ्या गाड्यांचा भाव दुर्मिळतेचा असतो, क्लोनमध्ये दुर्मिळता कुठून येणार? हेमी कुडाच्या क्लोनची किंमत साधी बाराकुडा, आत बसवलेलं हेमी आणि काम, इतकीच. एलएस-6 च्या क्लोनलाही हेच लागू. खऱ्या एलएस-6 च्या भावावर टक्केवारी लावू नका, एलएस-5 चंच छत धरा.

एका बाबतीत क्लोन खऱ्याहून सोयीचा पडतो. खऱ्या गाडीतून मूळ गिअरबॉक्स काढून ट्रेमेक बसवला की संग्राहक नाक मुरडतो. क्लोन घेणाऱ्याला गाडी चालवायची असते, त्यामुळे पाच गिअर, चांगला एसी, डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांचं त्याला कौतुकच असतं. 'अगदी 1970 सारखंच' करण्याच्या नादात अशा गोष्टी काढून टाकू नका.

जाहिरात: पहिल्याच ओळीत 'क्लोन'

शीर्षक असं हवं: '1970 शेव्हरोले मालिबू, एसएस 454 क्लोन, पाच गिअर'. आधी मूळ मॉडेल, मग नक्कल. 'ट्रिब्यूट' हा शब्द गोड वाटतो आणि बाजारात चालतोही, पण नवख्याला त्याचा अर्थ कळेलच असं नाही. शीर्षकात 'ट्रिब्यूट' लिहिलंत तर मजकुरात 'फॅक्टरीची एसएस नाही' हे वाक्य हवंच. 'रिक्रिएशन', 'एसएस ऑप्शनसह' असले शब्द टाळा.

मजकुरात व्हीआयएनची सुरुवात, इंजिनचा ओतीव क्रमांक आणि ठसा, गिअरबॉक्स, अॅक्सलचा प्रकार आणि गुणोत्तर, रंग कधी चढवला, कोणते पॅनेल नवे, टेस्टचे आकडे. मैल लिहिताना जपून: ओडोमीटर पाच आकडी आहे आणि 99,999 नंतर शून्यावर येतो. इतक्या जुन्या गाडीला फेडरल ओडोमीटर जाहीरनामा लागत नाही. 'ओडोमीटर 41,000 दाखवतो, खरे मैल माहीत नाहीत' असं लिहिलं की भागलं. दोषांचा परिच्छेद वेगळा करा आणि तो फोटोंसकट द्या. गंजाचा फुगा तुम्ही दाखवला तर तो 1,500 चा असतो, ग्राहकाने शोधला तर 4,000 चा.

फोटो किमान 100. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात बाहेरचे, लिफ्टवर खालचे, डिकीचा गालिचा उचलून तळाचा, व्हीआयएन, ट्रिम टॅग, इंजिनची पट्टी. दोन व्हिडिओ: थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करतानाचा, आणि दहा मिनिटं चालवतानाचा, ज्यात तापमान आणि तेलाचा दाब दिसेल.

कुठे विकायची? ऑनलाइन लिलावात जाणकार टिप्पण्यांत चिरफाड करतात. उघडपणे मांडलेल्या क्लोनला त्याचा फायदा होतो, लपवलेल्याला नाही. व्यासपीठावरच्या मोठ्या लिलावात झगमगाट असतो, पण क्लोन राखीव किमतीशिवाय (जिच्याखाली गाडी विकायची नाही अशी किंमत न ठरवता) सोडणं हा जुगार आहे: त्या दिवशी सभागृहात दोन इच्छुक नसले तर गाडी मजल्याच्याही खाली जाते. शिवाय प्रवेश शुल्क, विक्रेत्याचं कमिशन आणि वाहतूक मिळून किमतीचा दहावा हिस्सा सहज जातो. 45-50 हजारांच्या क्लोनला हेमिंग्जसारखी वर्गीकृत जाहिरात किंवा राखीव किमतीचा ऑनलाइन लिलाव बरा. बर्फाच्या राज्यांत मार्च ते जून हा हंगाम, डिसेंबरात फक्त भाव पाडणारे फोन येतात.

भेट, पैसे, कागद

टेस्ट ड्राइव्हआधी ग्राहकाचं लायसन्स पाहा, पैशांची तयारी असल्याचा पुरावा मागा, आणि तुमच्या कलेक्टर विम्यात दुसऱ्याने चालवलेली गाडी बसते का ते कंपनीला विचारा. आधी तुम्ही चालवा, मग त्याला द्या. त्याने स्वतःचा तपासनीस आणला तर आनंदाने येऊ द्या.

विसार घ्या, पण लेखी: किती, कधीपर्यंत, कोणत्या कारणाने परत. उरलेले पैसे वायर ट्रान्सफरने घ्या किंवा ग्राहकाच्या बँकेत जाऊन तुमच्यासमोर कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या खात्यावर काढलेला) काढून घ्या. दारात आणून दिलेला कॅशियर्स चेक बनावट असू शकतो. खात्यात रक्कम दिसली तरी तो नंतर कधीही परत येऊ शकतो आणि तोवर गाडी दोन राज्यं ओलांडून गेलेली असते. जास्त रकमेचा चेक पाठवून 'वरचे पैसे वाहतूकवाल्याला द्या' म्हणणारा ग्राहक शंभर टक्के ठग. एस्क्रोची (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाची) वेबसाइट ग्राहकाने सुचवली असेल तर तिच्या लिंकवर न जाता पत्ता स्वतः टाइप करा.

विक्रीपत्रात इंग्रजीत या अर्थाचं वाक्य घाला आणि त्याखाली खरेदीदाराची वेगळी सही घ्या: 'ही गाडी शेव्हरोले मालिबू म्हणून तयार झाली. एसएस 454 सारखी दिसावी म्हणून ती नंतर बदलली आहे. ती फॅक्टरीची एसएस असल्याचा कोणताही दावा विक्रेता करत नाही. गाडी आहे त्या स्थितीत विकली आहे.' फक्त शेवटचं वाक्य पुरत नाही. अमेरिकेतल्या खरेदी-विक्रीच्या कायद्याच्या, युनिफॉर्म कमर्शिअल कोडच्या, कलम 2-313 नुसार, सौद्याचा पाया ठरलेलं वर्णन हीच हमी धरली जाते. जाहिरातीत 'एसएस' लिहून विक्रीपत्रात 'आहे त्या स्थितीत' लिहिलं तर न्यायालयात जाहिरात भारी पडू शकते. म्हणून जाहिरातीची छापील प्रत, निरोपांची देवाणघेवाण आणि फोटो जपून ठेवा. दोन मालकांनंतर क्लोनचा 'खरा एसएस' होऊन बसतो, आणि मग माग काढत लोक मागे येतात.

टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन आणि गाडीवरचा व्हीआयएन आकडा-आकडा जुळवा, कर्जाचा बोजा नसल्याची खात्री करा, टायटल स्वतःच्या नावावर नसेल तर आधी करून घ्या. खर्चाची बिलं करासाठीही लागतात: नफा झाला तर तो करपात्र, आणि हौसेच्या गाडीत तोटा झाला तर त्याची वजावट मिळत नाही.

गाडी गेल्यावर मालकी हस्तांतराची सूचना राज्याकडे लगेच द्या. कॅलिफोर्नियात 5 दिवसांत, टेक्सासात 30 दिवसांत. नंबरप्लेट कॅलिफोर्नियात सहसा गाडीबरोबर जाते, न्यूयॉर्कमध्ये काढून ठेवायची असते. विमा मात्र सूचना नोंदली गेल्याची पावती हातात आल्यावरच बंद करा.